ज्ञानगंगेची भाषा : यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या शिक्षण-माध्यमाची वाटचाल

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा इतिहास बहुधा प्रवेशाच्या खुलेपणाचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. कारण वयाची, पूर्वीच्या शिक्षणाची आणि हजेरीची अट शिथिल करून उच्च शिक्षण शेतकरी, कामगार, गृहिणी व नोकरदार यांच्यापर्यंत नेणे हेच या संस्थेच्या स्थापनेमागील मुख्य प्रयोजन होते. तथापि या तीन अटींच्या आड चौथी एक अट उभी होती आणि ती कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेली नसे. ती अट भाषेची होती. विद्यापीठाने बहुतांश शिक्षणक्रमांसाठी मराठी हे माध्यम स्वीकारले नसते, तर उरलेल्या तिन्ही अटी काढूनही दार अर्धेच उघडले असते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ या ब्रीदवाक्यातील घर बहुतेक वेळा मराठी बोलणारे, काही ठिकाणी अहिराणी, कोकणा, भिली किंवा उर्दू बोलणारे होते, आणि त्या घरात पुस्तक पोहोचायचे तर ते त्या घराला कळणाऱ्या भाषेतच पोहोचणे आवश्यक होते. प्रस्तुत लेखात विद्यापीठाच्या साडेतीन दशकांच्या कार्याचा परामर्श या एका अंगाने घेतला आहे.

स्थापनेपूर्वीची पार्श्वभूमी

शिक्षणाचे माध्यम कोणते असावे हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८४० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळात सर अर्स्किन पेरी यांनी उच्च शिक्षणासाठी इंग्रजीचा आग्रह धरला, तेव्हा जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांतून शिक्षण दिल्याखेरीज ज्ञान सर्वसामान्यांपर्यंत जाणार नाही, अशी भूमिका ठामपणे मांडली होती. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने दोन्ही भाषांना जागा दिली, परंतु ती जागा पायऱ्यांनुसार वाटली गेली : प्राथमिक शिक्षण मातृभाषेत आणि उच्च शिक्षण इंग्रजीत. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठात हीच वाटणी रूढ झाली, आणि उच्च परीक्षांमधून मराठी बाहेर पडली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रयत्नांमुळे ती एम.ए.च्या अभ्यासक्रमात पुन्हा आली खरी, पण अभ्यासविषय म्हणून. अध्ययनाची भाषा म्हणून नव्हे. हा भेद महत्त्वाचा आहे. मराठी साहित्य शिकवणे आणि मराठीतून अर्थशास्त्र, वाणिज्य किंवा कृषिविज्ञान शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम पहिल्याहून कितीतरी अवघड आहे.

त्या दुसऱ्या कामाचा पहिला मोठा प्रयोग महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापून केला. स्त्रियांचे शिक्षण त्यांच्या मातृभाषेतून व्हावे हे त्या विद्यापीठाचे तत्त्व होते, आणि त्यामागचे कारण पुढे मुक्त विद्यापीठाला लागू पडले त्याच स्वरूपाचे होते : ज्या वर्गाला शिक्षण आजवर मिळालेले नाही, त्याच्यावर आधी परकी भाषा शिकण्याचा भार घातला तर मूळ विषयापर्यंत तो पोहोचतच नाही. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठाने उर्दूच्या बाबतीत असाच मार्ग धरला.

नाशिक शहराची शैक्षणिक परंपरा या काळात दोन्ही भाषांवर उभी होती. १८४० साली सुरू झालेले सार्वजनिक वाचनालय, १९१४ सालापासून शेतकरी समाजाच्या शिक्षणासाठी झटणारी मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था, १९१८ ची गोखले एज्युकेशन सोसायटी आणि तिचे १९२४ साली सुरू झालेले हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय यांनी शहराला आणि जिल्ह्याला वाचणारा वर्ग दिला. मात्र महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर भाषा बदलत असे, आणि निफाड, बागलाण, कळवण किंवा पेठ तालुक्यातून आलेल्या विद्यार्थ्याचे पहिले वर्ष बहुधा विषय समजून घेण्यापेक्षा भाषेशी झगडण्यातच जाई.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर हा प्रश्न शासनाच्या पातळीवर हाताळला जाऊ लागला. पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत १९६० साली भाषा संचालनालय आणि साहित्य संस्कृती मंडळ यांची स्थापना झाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली विश्वकोशाचे काम वाई येथे उभे राहिले. १९६४ साली राजभाषा अधिनियम संमत झाला. आणि विविध शास्त्रांचे परिभाषा कोश टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होऊ लागले. परिभाषा म्हणजे एखाद्या शास्त्रातील संकल्पनांसाठी निश्चित अर्थाने वापरायचे शब्द. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात विद्यापीठीय शिक्षणही प्रादेशिक भाषांतून देण्याची शिफारस केली, आणि तिला अनुसरून नागपूर येथे महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने पदवी पातळीवरील मराठी ग्रंथ तयार करण्यास आरंभ केला. कोश झाले, ग्रंथ झाले. परंतु ते नियमितपणे वापरणारा, त्यांच्यावर अवलंबून असणारा विद्यार्थी मोठ्या संख्येने तयार झाला नव्हता. सर्व विषयांतून मराठीचा वापर करणारी आणि त्यासाठी सतत नवी पुस्तके मागणारी संस्था अजून निर्माण व्हायची होती.

१९८९ ते १९९९ : पायाभरणीचे दशक

ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ सुरू झाले. भारतात हैदराबादला १९८२ साली पहिले राज्य मुक्त विद्यापीठ आणि दिल्लीला १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर महाराष्ट्र विधिमंडळाने १९८९ चा अधिनियम क्रमांक २० संमत केला आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे हे विद्यापीठ अस्तित्वात आले. संपूर्ण राज्य हे त्याचे कार्यक्षेत्र ठरले. विद्यापीठाला यशवंतरावांचे नाव देण्यात औचित्याचा दुहेरी धागा होता : राज्याच्या भाषाविषयक संस्थांची उभारणी त्यांच्या हातून झाली होती, आणि १९६३ साली नाशिक मतदारसंघाने त्यांना लोकसभेवर बिनविरोध निवडून पाठवले होते.

संस्थापक कुलगुरू म्हणून प्रा. राम ताकवले यांची नियुक्ती झाली. पुणे विद्यापीठाचे कुलगुरूपद त्यांनी त्यापूर्वी सांभाळले होते, आणि पुढे १९९५ साली ते इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पारंपरिक विद्यापीठाचे बळ आणि त्याच्या मर्यादा या दोन्हींचा त्यांना जवळून परिचय होता. त्यांच्याभोवती जमलेल्या प्राध्यापक, संपादक, तंत्रज्ञ आणि प्रशासकीय कर्मचाऱ्यांनी जे काम केले, त्याचे श्रेय कोणा एकाला देता येणार नाही. गंगापूर धरणाजवळील ‘ज्ञानगंगोत्री’ या परिसराची उभारणी होत असतानाच राज्यभरातील अभ्यासकेंद्रांचे जाळे विणले गेले, आणि त्या केंद्रांचे संयोजक व समंत्रक हेही संस्थापकांच्याच पंक्तीत बसतात. समंत्रक म्हणजे संपर्कसत्रात विद्यार्थ्यांच्या शंकांचे निरसन करणारा मार्गदर्शक. तो वर्गात व्याख्यान देणारा शिक्षक नव्हे, कारण मुक्त शिक्षणपद्धतीत शिकवण्याचे मुख्य काम पुस्तक करते.

पुस्तकाने शिक्षकाची जागा घ्यायची, या एका गोष्टीमुळे भाषेचा प्रश्न विद्यापीठासमोर सर्वांत ठळकपणे आला. महाविद्यालयातील प्राध्यापक इंग्रजी पाठ्यपुस्तक हाती घेऊन मराठीत समजावून सांगू शकतो, आणि राज्यातील असंख्य वर्गांमध्ये तेच चालत आलेले आहे; परंतु संध्याकाळी काम आटोपून घरी एकट्याने पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्याला ती सोय नसते. त्याच्यासाठी पुस्तकातले वाक्य हाच शिक्षक असतो, आणि ते वाक्य दुर्बोध असेल तर त्याला विचारायला जवळ कोणी नसते. म्हणून विद्यापीठाने स्वयंअध्ययनाच्या पुस्तकांसाठी निर्मितीची एक निश्चित पद्धत बसवली. लेखकाने मजकूर लिहायचा. आशय संपादकाने त्यातील विषयाची अचूकता तपासायची. अनुदेशन-तंत्र संपादकाने मजकुराची मांडणी एकट्याने शिकणाऱ्याला उपयोगी पडेल अशी आहे की नाही हे पाहायचे. आणि भाषा संपादकाने वाक्य न् वाक्य सोपे, शुद्ध आणि एकसारखे करायचे. पुस्तकाच्या आरंभीच्या पानावर या सर्वांची नावे लेखकाच्या नावासोबत छापली जात. पाठ्यपुस्तक हे अनेक हातांचे काम आहे, याची इतकी उघड नोंद मराठी प्रकाशनव्यवहारात क्वचितच आढळते.

प्रत्येक घटकाचा साचाही ठरलेला होता. आरंभी उद्दिष्टे, म्हणजे घटक वाचून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावे याचे स्पष्ट निवेदन. त्यानंतर प्रास्ताविक आणि विषय-विवेचन. विवेचनाच्या मध्ये येणारे स्वयंअध्ययन प्रश्न. मग सारांश, पारिभाषिक शब्द व त्यांचे अर्थ, सरावासाठी स्वाध्याय, क्षेत्रीय कार्य आणि अधिक वाचनासाठी पुस्तके. या साच्यातील पारिभाषिक शब्दांचा भाग वरवर पाहता किरकोळ वाटतो, पण विद्यापीठाचे द्वैभाषिक धोरण खऱ्या अर्थाने तेथे दिसते. संकल्पना मराठीतून समजावून द्यायची आणि तिच्यासाठी इंग्रजीत रूढ असलेली संज्ञाही विद्यार्थ्याच्या हाती द्यायची, म्हणजे पुढे बँकेत, कचेरीत किंवा दुसऱ्या विद्यापीठात ती संज्ञा समोर आली तरी तो अडणार नाही, असा हा विचार होता. शिक्षणशास्त्रात द्वैभाषिकता या संज्ञेने दोन भाषांचा सहज आणि प्रसंगानुरूप वापर करण्याची क्षमता अभिप्रेत असते. एका भाषेच्या जागी दुसरी आणणे म्हणजे द्वैभाषिकता नव्हे. मुक्त विद्यापीठाने मराठीचा आग्रह धरताना इंग्रजीला शत्रुस्थानी मानले नाही, हे आवर्जून नोंदवले पाहिजे.

विद्यापीठाने स्वतःच्या कारभारासाठीही मराठी संज्ञा घडवल्या आणि त्या रुळवल्या. पदवीच्या संपूर्ण योजनेला शिक्षणक्रम आणि तिच्यातील एकेका विषयाला अभ्यासक्रम म्हणणे, अध्ययनाच्या ठरावीक तासांच्या मापाला श्रेयांक म्हणणे, तसेच विद्याशाखा, अभ्यासकेंद्र, संपर्कसत्र, केंद्रसंयोजक, विभागीय केंद्र हे शब्द या दशकात हजारो विद्यार्थ्यांच्या तोंडी बसले. कोशात पडून असलेला शब्द आणि परीक्षेच्या अर्जावर भरावा लागणारा शब्द यांत मोठे अंतर असते. भाषा संचालनालयाच्या पिढीने जे बियाणे जमवले होते, ते या संस्थेत प्रत्यक्ष पेरले गेले.

कोणत्याही शाळेचे प्रमाणपत्र नसलेल्या, परंतु अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला पदवीकडे जाण्यासाठी विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रम सुरू केला. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाला अनेक वर्षांनंतर पुन्हा वाचण्या-लिहिण्याची सवय लावणे हे त्याचे काम होते, आणि ती सवय मातृभाषेतूनच लागू शकते. या वाटेने आलेल्यांमध्ये लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. कर्वे यांनी १९१६ साली ज्या विद्यार्थिनीचा विचार केला होता, तिची नात किंवा पणती म्हणता येईल अशी ही विद्यार्थिनी होती. नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहासारख्या ठिकाणीही पुढे विद्यापीठाचे शिक्षण पोहोचले.

कृषिविज्ञान विद्याशाखेचे काम भाषेच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहे. नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागाईतदाराकडे शास्त्राची शब्दसंपत्ती आधीपासूनच होती. एप्रिलमधील खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधील फळछाटणी यांतला फरक, काडीवरील डोळ्यांची संख्या, घडांची विरळणी, भुरी, केवडा आणि करपा या रोगांची लक्षणे हे सारे तो मराठीतच बोलत होता, आणि सोबत औषधांची व संजीवकांची इंग्रजी नावेही बिनदिक्कत वापरत होता. त्याला हवा होता तो या अनुभवाला शास्त्राची जोड देणारा, त्याच्या भाषेत लिहिलेला अभ्यास. फळबाग उत्पादन, भाजीपाला उत्पादन, फुलशेती, माळीकाम अशा विषयांवरील शिक्षणक्रम आणि विद्यापीठाच्या यजमानपदाखाली चालणारे कृषी विज्ञान केंद्र यांनी ती गरज ओळखली. मराठीत विज्ञान शिकवता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना दिलेले हे अत्यंत समर्थ उत्तर होते. पारंपरिक विद्यापीठांनी त्याची दखल पुरेशी घेतली नाही, ही खेदाची बाब आहे.

याच दशकात शिक्षणशास्त्र विद्याशाखेने सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी शिक्षणशास्त्र पदवीचा शिक्षणक्रम चालवला. त्यामुळे विद्यापीठाचे भाषाधोरण केवळ त्याच्या विद्यार्थ्यांपुरते न राहता, त्या शिक्षकांच्या वर्गातील मुलांपर्यंत पोहोचले. वाढत्या विस्ताराबरोबर पुस्तके वेळेवर पोहोचणे, केंद्रांचा दर्जा राखणे, निकाल लावणे यांसारख्या बाबतींत अडचणी आल्या, काही धोरणांविषयी मतभिन्नताही झाली. परंतु संबंधित सर्वांच्या सहकार्याने त्यांतून मार्ग निघत गेला आणि अमरावती, औरंगाबाद, कोल्हापूर, मुंबई, नागपूर, नांदेड, नाशिक व पुणे अशा विभागीय केंद्रांमधून काम स्थिरावले.

नाशिकचे कवी कुसुमाग्रज यांना १९८७ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, आणि ज्या वर्षी विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या जागतिक मराठी परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी व्यवहारातील मराठीच्या अवनतीविषयी महाराष्ट्राला सावध केले. त्यांच्याच गावात मराठी माध्यमाचे विद्यापीठ वाढत होते. १० मार्च १९९९ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन सुरू झाले.

१९९९ ते २००९ : इंग्रजीचा वाढता रेटा आणि नवे तंत्रज्ञान

या दशकाच्या आरंभी राज्याच्या शालेय भाषाधोरणात मोठा बदल झाला. २००० सालच्या जूनपासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू करण्यात आला. तोपर्यंत मराठी माध्यमातील मुलाची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडत असे. या निर्णयामुळे मराठी शाळेकडे पाठ फिरवणाऱ्या पालकांना थांबवता येईल, असा एक विचार होता. ज्यांना स्वतःला इंग्रजी बोलण्याचा सराव नाही, अशा शिक्षकांवर हा भार कसा टाकायचा, ही त्यावरची रास्त शंका होती. पाठोपाठ गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याची, सेमी-इंग्रजी या नावाने ओळखली जाणारी पद्धत शहरांतून गावांकडे पसरली. हा सारा बदल ज्या शिक्षकांना पेलायचा होता, त्यांतील अनेक जण मुक्त विद्यापीठाचे आजी-माजी विद्यार्थी होते. मराठीतून प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाने इंग्रजी विषय शिकवावा, हे खऱ्या द्वैभाषिक शिक्षणात अवघड नाही, मात्र त्यासाठी त्याच्या पहिल्या भाषेचा पाया पक्का असावा लागतो. विद्यापीठाचे काम त्या पायाचे होते.

तंत्रज्ञानाच्या बाजूनेही नवे प्रश्न उभे राहिले. संगणकशास्त्र आणि तंत्रज्ञान यांचे शिक्षणक्रम सुरू झाले तेव्हा त्यांचे माध्यम प्रामुख्याने इंग्रजी राहिले, कारण या क्षेत्रातील पुस्तके, आज्ञावली आणि नोकऱ्यांची भाषा तीच होती. अशा प्रकारे एकाच विद्यापीठात दोन माध्यमे शेजारी शेजारी नांदू लागली. दरम्यान १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही नाशिकलाच आले. तेथे वैद्यकाचे शिक्षण इंग्रजीतून आणि मुक्त विद्यापीठात मानव्यविद्या, वाणिज्य व शेतीचे शिक्षण मराठीतून, अशी दोन राज्यव्यापी विद्यापीठे एका शहरात काम करू लागली. उच्च शिक्षणातील भाषेची वाटणी महाराष्ट्रात कोणत्या रेषेवर झाली आहे, हे पाहायला नाशिकइतके दुसरे सोयीचे ठिकाण नाही.

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २० सप्टेंबर २००४ रोजी शिक्षणासाठी ‘एड्युसॅट’ हा उपग्रह सोडला. त्याच्या पूर्वतयारीच्या प्रयोगासाठी देशातून जी तीन राज्यपातळीवरील विद्यापीठे निवडली गेली, त्यांत कर्नाटक व मध्य प्रदेशातील तंत्रविद्यापीठांबरोबर नाशिकचे मुक्त विद्यापीठ होते. छापील मराठी पुस्तकापासून सुरू झालेला प्रवास दृक्-श्राव्य मराठीपर्यंत आला, ही या दशकाची महत्त्वाची नोंद होय.

२००९ ते २०१९ : नियमनाचे आणि पुनर्विचाराचे दशक

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्य असेल तेथवर मुलाच्या मातृभाषेत शिक्षण द्यावे, असे सांगितले; परंतु ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील प्रकरणात, राज्य सरकारला प्राथमिक शाळांवर मातृभाषा माध्यम म्हणून लादता येणार नाही, असा निर्णय दिला. मराठी माध्यमाचे भवितव्य यापुढे सक्तीवर ठरणार नाही, त्या माध्यमातील शिक्षणाच्या गुणवत्तेवर ठरेल, हे या निर्णयाने स्पष्ट केले. मुक्त विद्यापीठाने ही परीक्षा पहिल्या दिवसापासून दिलेली आहे, कारण त्याच्याकडे येणारा विद्यार्थी सक्तीने कधीच येत नव्हता.

भाषेचे काम या काळात साहित्याच्या अंगानेही वाढले. कुसुमाग्रज अध्यासनाच्या वतीने इतर भारतीय भाषांतील साहित्यिकांना कुसुमाग्रजांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार देण्याची प्रथा सुरू झाली आणि २०१० साली कन्नड लेखक जयंत कायकिणी यांना तो देण्यात आला. आपल्या भाषेचा अभिमान दुसऱ्या भाषेच्या सन्मानातून व्यक्त करावा, ही कल्पना नाशिकला शोभणारीच आहे. राज्य शासनाने २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिन मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करण्याचे ठरवल्यानंतर त्या दिवसाला विद्यापीठाच्या वर्षक्रमात वेगळे महत्त्व आले.

प्रशासकीय बाजूने हे दशक सोपे नव्हते. दूरशिक्षण परिषदेचे काम विद्यापीठ अनुदान आयोगाकडे गेले, २०१७ साली मुक्त व दूरस्थ शिक्षणाविषयीचे नवे विनियम आले, आणि प्रत्येक शिक्षणक्रमाला स्वतंत्र मान्यता घेणे आवश्यक झाले. या बदलांशी जुळवून घेताना कर्मचाऱ्यांनी आणि केंद्रांनी दाखवलेली चिकाटी नोंद करण्याजोगी आहे.

२०१९ नंतर

२०२० च्या महासाथीत सर्व विद्यापीठांचे वर्ग बंद पडले, तेव्हा एकट्याने घरी बसून शिकण्याची जी पद्धत मुक्त विद्यापीठाने तीस वर्षे घडवली होती, ती अकस्मात सर्वांचीच गरज बनली. त्याच वर्षी जाहीर झालेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेत शिक्षण द्यावे, तसेच उच्च शिक्षणातही भारतीय भाषांचा व द्वैभाषिक पद्धतीचा वापर वाढवावा, असे सांगितले. ‘ज्ञानगंगोत्री’च्या दृष्टीने ही शिफारस नवी नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे होते. जागतिक कीर्तीचा शास्त्रज्ञ आयुष्यभर मराठीतून विज्ञान लिहितो, याचा सन्मान या शहरात व्हावा, यात औचित्य होते.

त्यानंतरची वर्षे राज्याच्या भाषाधोरणाच्या दृष्टीने विलक्षण घडामोडींची ठरली. २०२४ च्या मार्चमध्ये मंत्रिमंडळाने मराठी भाषा धोरणाला मान्यता दिली, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठाचे काम सुरू झाले. २०२५ साली प्राथमिक शाळेत पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे शासननिर्णय निघाले, त्यांना राज्यभर विरोध झाला, आणि २९ जून २०२५ रोजी ते मागे घेऊन या प्रश्नासाठी डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. लहान मुलावर एकाच वेळी किती भाषांचा भार टाकावा आणि कोणत्या क्रमाने टाकावा, हा त्या वादाचा गाभा होता. प्रौढ विद्यार्थ्याच्या बाबतीत विद्यापीठाने अनुभवाने शोधलेले उत्तर, म्हणजे आधी कळणाऱ्या भाषेत विषय आणि मग त्या विषयाच्या बळावर दुसरी भाषा, या चर्चेत उपयोगी पडू शकेल.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ८.३ कोटी लोकांची मातृभाषा मराठी आहे. तथापि विद्यापीठ ज्या जिल्ह्यात उभे आहे त्याच जिल्ह्यात प्रमाण मराठी ही अनेकांची घरची भाषा नाही. बागलाण, देवळा, मालेगाव आणि कळवण या भागांत अहिराणी ऐकू येते. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत कोकणा व इतर आदिवासी बोली नांदतात. आणि मालेगावच्या यंत्रमागांच्या वस्तीत उर्दू ही शिक्षणाची जिवंत भाषा आहे. सुरगाण्याच्या विद्यार्थ्यासाठी मराठी पुस्तक हेच दुसऱ्या भाषेतले पुस्तक असते आणि इंग्रजी तिसऱ्या. मराठीने इंग्रजीकडे जी अपेक्षा केली, तीच अपेक्षा या भाषा मराठीकडे करतात. विद्यापीठाच्या उर्दू विषयाच्या शिक्षणक्रमांमधून या दिशेने पाऊल पडलेले आहे. बोलीभाषक विद्यार्थ्यांसाठी पूर्वपीठिकेचे साहित्य तयार करणे, दृक्-श्राव्य पाठांमध्ये बोलींना स्थान देणे, आणि विज्ञान, संगणक व तंत्रज्ञान यांच्या शिक्षणक्रमांसाठी इंग्रजीबरोबर मराठी पुस्तके निर्माण करणे, ही कामे येत्या दशकाच्या वाट्याला आलेली आहेत. त्यांतील शेवटचे काम सर्वांत खर्चिक आणि सर्वांत तातडीचे आहे, कारण २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिल्यानंतर अशा पुस्तकांची गरज केवळ मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांपुरती उरलेली नाही, आणि आशय, अनुदेशन व भाषा अशा तिन्ही अंगांनी मराठी शास्त्रीय मजकूर तपासून घेण्याची सवय असलेला संपादकवर्ग आज नाशिकमध्येच उपलब्ध आहे.